फिक्की किती

पहाटे साडेचारला वडगावात लाईट जाते.
सगळे माग एकदम थांबतात
आणि भिंतीपलीकडचा खोकलासुद्धा ऐकू येतो.
ती वेळ मी धरली.

न्हाणीत बादली पालथी घालून बसले,
मोबाईलचा उजेड दोऱ्यांच्या डब्यावर टेकवून.
पाकिटावर सगळं कानडीत.
बसची पाटी वाचण्याइतकं मला येतं,
इतकं बारीक नाही.
पण महादेवी सिस्टरनं बोटांवर शिकवलं होतं:
ओंदु गेरे, एरडु गेरे.
वरची रेघ येणारच,
ती तुझी नव्हे, ती पट्टीची.
खालची तेवढी तुझी.

(इथं रेघ म्हटलं की बाप्ये लगेच नकाशा काढतात.
काढू देत.)

आधी म्हणे पंधराव्या दिवशी परत जावं लागायचं.
म्हणजे रांग,
म्हणजे अर्ध्या दिवसाच्या कांड्या बुडाल्या,
म्हणजे घरात सांगायला नवं दुखणं.
दाढ तर मी पहिल्याच खेपेला वापरून टाकली होती.
आता सिस्टर म्हणाली, दोन पट्ट्या घे,
एक गोळीच्या आधी, एक पंधरा दिवसांनी.
पहिली ठेवू नको, सुकली की रंग बदलते.
रंग लक्षात ठेव.

रंग लक्षात ठेव, हे मला!
शेटच्या शेडकार्डावर बावीस गुलाबी आहेत,
अंधारात हात घालून मी बारावा काढते.
पहिली रेघ बारावीच होती.
त्याच रंगाचा वीतभर दोरा तोडून
न्हाणीच्या कडीला बांधून ठेवला.

मग गोळ्या. मग ते सगळं.
याच न्हाणीत, भर दुपारी,
चारी बाजूंनी माग चालू होते म्हणून बरं.
परशराम रात्री एकदाच म्हणाला, झालं काय?
म्हटलं, बघायचं आहे अजून.
तो कुशीवर वळला,
पण झोपला नव्हता. मला कळतं.

पंधरा दिवस दोरा कडीला.
सासूला वाटलं, यल्लम्माचा काही नवस असेल.
तिनं एका मंगळवारी त्याला हळद लावली.

म्हणून आज पहाटे
ताडून बघायला दोराच नाही.
पिवळा झालेला बारावा नंबर,
आणि पट्टीवर पाच मिनिटं.
वरची रेघ आली, ठणठणीत.
खालची आली का?
डोळे बारीक केले.
आली. आहे.
पण ही बाविसातली कुठलीच नव्हे.

आठ वाजता पाणी भरायच्या निमित्तानं बाहेर आले,
सिस्टरला फोन लावला.
गेली काय पूर्ण?
नाही, आहे. पण फिक्की.
फिक्की किती?
कांद्याची साल काढल्यावर आत जी पातळ असते ना,
तिच्यातून पलीकडचं दिसतं, तेवढी.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग ती हसली. आयतु, म्हणाली, आयतु.
इतक्या बायकांना विचारते,
असं कोणी सांगितलं नव्हतं.
दोन आठवड्यांनी आणखी एक कर.
मधे ताप आला, घाण वास आला, जास्त जायला लागलं,
तर कांड्या तिथंच टाक आणि ये.
कुणाला विचारत बसू नको.
मी होय म्हटलं.
घागर कधीच भरून वाहत होती.

तिसरी पट्टी आषाढाच्या अमावास्येला केली.
वरची एकच रेघ.
खाली कोरं.
पाच मिनिटं झाली, दहा झाली, लाईट आली,
शेजारचा पहिला माग सुरू झाला,
तरी मी बसून होते
त्या रेघेकडे बघत, जी माझी नव्हती.
बरं वाटत होतं. बरंच वाटत होतं.
बाकी जे वाटत होतं
त्याला नंबर नाही.

दोरा अजून कडीला आहे.
जाता-येता सासू त्याला हात लावून
कपाळाला लावते.
मी सोडलेला नाही.